आईंना यंदा चवथीला न्यायचं का?

मडगावहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरात त्या, त्यांचे पती, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. मूळ घर अंत्रुज महालातल्या (फोंड्याकडच्या) एका गावात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तिथेच, पाच बिऱ्हाडं मिळून. चाळीसेक वर्षं माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीत, काय कुठे बांधायचं हे सासूबाई ठरवायच्या, हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या त्यांच्या हातच्या असायच्या आणि रात्री फुगडीला पहिलं गाणं त्यांनीच उचलायचं. गेल्या वर्षी संध्याकाळच्या आरतीला घुमट-कासाळ्यांचा (मातीचं चर्मवाद्य आणि झांजा) आवाज चढला तशा त्या घाबरल्या आणि ज्या घरात पन्नास वर्षं नांदल्या तिथेच ‘म्हाका घरा व्हर’ (मला घरी ने) म्हणत रडू लागल्या. आता पुन्हा चवथ तोंडावर आली आहे. पती म्हणतात, आईला फ्लॅटवरच ठेवू, सोबतीला बाई ठेवू. लोकांच्या मनात ती पूर्वीसारखीच राहू दे. पुण्याला असणाऱ्या नणंदबाई म्हणतात, तिच्या आता किती चवथी उरल्यात, काहीही करून आणा. पुतण्याला जुने फोटो आणि आईंच्या तोंडच्या आठवणी जमवून व्हिडिओ करायचा आहे आणि तो चवथीच्या रात्री सगळ्यांना दाखवायचा आहे. ताई विचारतात: ‘न्यायचं की नाही? त्या सासऱ्यांना शोधतात. ते जाऊन नऊ वर्षं झाली, काय उत्तर द्यायचं? आणि दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काहीच आठवणार नसेल, तर हा सगळा खटाटोप कोणासाठी?’

प्रिय ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावरच अवलंबून आहेत.

आईंना दुसऱ्या दिवशी चवथ आठवणार नाही, हे बहुधा खरं आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजू लागतो, आणि नवीन घडलेलं नोंदवून ठेवणं हे मुख्यतः त्याचंच काम. म्हणून सकाळचा चहा झाला की नाही हे त्यांना सांगता येत नसेल, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हाच्या, अकरा-बारा वर्षांच्या वयातल्या गोष्टी मात्र त्या काल घडल्यासारख्या सांगत असतील. पण प्रसंग विसरला म्हणजे त्याने मनात उठवलेली भावनाही पुसली गेली, असं होत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. अल्झायमर असलेल्या १७ जणांना त्यांनी दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिलं ते त्यांना नीट सांगता येईना. एकाला तर काही पाहिल्याचंच आठवेना. दुःख आणि आनंद मात्र अर्धा तास होत आला तरी टिकून होते. ज्यांना प्रसंग कमी आठवत होता, त्यांच्यात दुःख उलट जास्त वेळ रेंगाळलं. कशाने वाईट वाटतंय हेच कळत नसेल तर मनाची समजूत तरी कशी घालायची?

हे समजलं की गेल्या वर्षीच्या आरतीकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. आई तो प्रसंग विसरल्या असतील, पण त्यातली भीती त्या बराच वेळ वागवत राहिल्या असतील. आणि एखादी सकाळ चांगली गेली, तर तिचं समाधानही असंच मागे राहील. तेव्हा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे, त्या दिवसापुरता, त्या तासापुरता. तो उद्या आठवला पाहिजे ही अट आपण घातली आहे, त्यांनी नाही.

तुमच्या घरात तिघं तीन गोष्टी म्हणताहेत, पण मला तिघांच्याही मागे एकच समजूत दिसते: आईंचा मान म्हणजे पूर्वीच्या आईंचा मान. तुमच्या यजमानांना आजच्या आई लोकांना दिसायला नको आहेत. नणंदबाईंना आजच्या आईंना पूर्वीच्या जागी बसवायचं आहे. पुतण्याला पूर्वीच्या आई पडद्यावर दाखवायच्या आहेत. तिघांचंही प्रेम खरं आहे, यात मला शंका नाही. पण सध्या तुमच्या फ्लॅटच्या खिडकीशी बसलेल्या बाईंना काय सोसतं, कशात त्यांचा जीव रमतो, हे विचारायचं राहून गेलं आहे. ते सांगू शकणारी व्यक्ती त्या घरात बहुधा तुम्हीच आहात, कारण रोज त्यांच्याबरोबर तुम्ही असता.

यजमानांवर रागावू नका. ज्या आईने पन्नास माणसांची पंगत सांभाळली, ती त्याच ओसरीवर भेदरलेली पाहणं मुलाला फार जड जातं. ते लोकांपासून आईला लपवत असतीलही, पण त्याहून जास्त स्वतःला वाचवत असतील. त्यांना हे उघड बोलायला जागा द्या. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवी: आई नीटनेटक्या, मानी असतील तर त्यांचं अवघडलेपण चारचौघांत मांडलं जाऊ नये, ही त्यांची काळजी अगदी योग्य आहे. तिचं उत्तर आईंना फ्लॅटवर बंद ठेवणं हे मात्र नाही.

नणंदबाईंना एक विनंती करा, आणि ती गोडीने पण ठामपणे करा. चवथीच्या आठवडाभर आधी त्यांनी मडगावला येऊन राहावं आणि आईंच्या खोलीत झोपावं. रात्री दोनदा उठून आईंना बाथरूमला नेलं, तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकला, की न्यायचं की नाही याची चर्चा वेगळ्या पायावर होईल. शिवाय त्या आठवड्यात तुम्हाला थोडी झोप मिळेल, हा फायदा लहान नाही.

आता ‘म्हाका घरा व्हर’ बद्दल. ही हाक अल्झायमरच्या जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते, अगदी स्वतःच्या खाटेवर बसलेल्या माणसाकडूनही. त्यांच्या मनातलं घर कदाचित माहेरचं असेल, लहानपणचं असेल, किंवा कुठलंच घर नसून ‘इथे मला भीती वाटते, सुरक्षित वाटेल तिथे ने’ एवढंच म्हणायचं असेल. ‘अगो आई, हेंच तुजें घर’ असं समजावून सांगितलं की त्या आणखी गोंधळतात. आपलं कोणी ऐकत नाही, एवढंच त्यांना कळतं. ‘हो, जाऊया’ म्हणून हात धरावा, आवाजातून बाहेर काढावं, अंगणात दोन फेऱ्या माराव्यात, पाणी द्यावं, त्यांच्या माहेरच्या घराबद्दल काहीतरी विचारावं. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक वेळा मन शांत होतं. गेल्या वर्षी त्यांना ते घर नको होतं असं मला वाटत नाही. बंद खोलीतले घुमट, कासाळी, धूप, दिवे, दाटी आणि वर दिवेलागणीची वेळ, हे सगळं एकदम अंगावर आलं. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढते, डॉक्टर त्याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. म्हणजे आईंसाठी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि घरातली सगळ्यात मोठ्या आवाजाची वेळ एकच आली.

म्हणून माझं मत असं: न्या, पण चवथीच्या दिवशी नको आणि संध्याकाळी तर नकोच. आदल्या दिवशी, हरतालिकेला सकाळी न्या.

त्या दिवशी घरात काय असतं ते आठवा. माणसं अजून यायची असतात. ओसरीवर माटोळीचं सामान पसरलेलं असतं: नारळ, सुपारीचे घड, केळी, तोरिंगं, चिबूड, आंबाडे, रानातून आणलेली घागऱ्या आणि कांगलां ही फळं. केवणीच्या सालीचे दोर भिजत पडलेले असतात. स्वयंपाकघरात हळदीची पानं पुसून ठेवलेली असतात. हा दिवस कामाचा आहे आणि हात चालू ठेवण्याचा आहे. आईंकडे आज जे शाबूत आहे ते याच दिवसाच्या उपयोगाचं आहे. पुन्हापुन्हा करून हातात बसलेल्या क्रिया मेंदूच्या वेगळ्या भागांत साठलेल्या असतात आणि घटनांची आठवण गेल्यावरही त्या बराच काळ टिकतात. माटोळीत एकूण काय काय लागतं, असं आईंना विचारलंत तर त्या गप्प बसतील आणि खजील होतील. त्याच आईंच्या हातात दोर आणि सुपारीचा घड दिलात, तर गाठ कदाचित आपोआप पडेल. नाही पडली तरी बिघडत नाही. तुम्ही शेजारी बसून एक बांधा, त्या पाहतील आणि दुसरा घेतील.

पातोळ्यांचंही तसंच. एक पान त्यांच्यासमोर ठेवा, पीठ तुम्ही पसरा, चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) त्यांना घालू द्या, पान त्यांना दुमडू द्या. पाक, वाफ, गरम भांडी तुमच्याकडे. त्यांनी केलेली पातोळी वेडीवाकडी झाली तरी तीच नैवेद्याच्या ताटात जाऊ द्या. कोणी मागच्या मागे ती उलगडून नीट करू नये. मला तर यात सत्कार दिसतो. शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवणं सोपं असतं, पण त्यात त्या पाहुण्या होतात. त्या घरातल्या आहेत हे त्यांना काम दिल्यानेच कळेल.

इथे एक समज दूर करते, कारण बऱ्याच वाचकांनी मला तो लिहून कळवला आहे. हळदीच्या पानाचा वास आला की जुनं सगळं परत येईल, अशी आशा आपण धरतो. येतही असेल कोणाला. पण अल्झायमरमध्ये वासाची जाण बरीच लवकर मंदावते, कित्येकदा विसराळूपणा लक्षात येण्याच्याही आधी. आईंनी पातोळीचा वास घेऊन चेहऱ्यावर काहीच दाखवलं नाही तर मन खट्टू करून घेऊ नका. हाताचा स्पर्श आणि गाणं या दोन वाटा त्यामानाने जास्त दिवस उघड्या राहतात. ज्या बाईंना नातवाचं नाव सापडत नाही, त्या फुगडीच्या गाण्याची दुसरी ओळ पूर्ण करतात, हे मी अनेक घरांतून ऐकलं आहे. पहिली ओळ तुम्ही म्हणा, सावकाश, त्यांच्या पट्टीत, आणि थांबा. आपल्याला अवघड वाटेल इतका वेळ थांबा. आईंना शब्द शोधायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपण मध्येच ओळ पुरवली की त्यांची संधी जाते. घुमट त्यांना ऐकवायचं असेल तर एकाने अंगणात, लांबून, सकाळी वाजवावं.

दुपारचं जेवण लवकर उरका, तासभर त्यांना आतल्या शांत खोलीत आडवं होऊ द्या, त्यांची स्वतःची उशी आणि चादर सोबत न्या, आणि चार वाजायच्या आत मडगावच्या वाटेला लागा. चवथीच्या दिवशी त्या फ्लॅटवर राहतील. तुम्ही किंवा यजमान, दोघांपैकी एकाने त्यांच्याजवळ थांबायचं, आणि ते एकाच माणसावर पडू नये म्हणून पाळी आधी ठरवा. नणंदबाईंचीही पाळी त्यात धरा. प्रसादाची पातोळी, दूर्वा, दोन फुलं घरी आणा. हवी तर छोट्या काठीला पाच फळं बांधून हॉलमध्ये त्यांच्या नजरेच्या पातळीवर लावा. मूर्ती मूळ घरी आहे म्हणून चवथही तिथेच राहिली पाहिजे, असं कुठे आहे? थोडी त्यांच्याकडे चालत येऊ दे.

हे सगळं मी आई चालत्या-बोलत्या आहेत असं धरून लिहिलं. गाडीत बसताना त्यांना खूप त्रास होत असेल, सकाळपासूनच बेचैनी असेल, किंवा ताप, खोकला असेल, तर तो बेत त्या सकाळीच रद्द करण्याचा अधिकार तुमच्याकडे असू द्या, आणि तो घरच्यांनी आधीच मान्य केलेला असू द्या. आणखी एक: गोंधळ अचानक, एक-दोन दिवसांत वाढला, तर आजार पुढे गेला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, दुखणं, नवीन औषध यांपैकी काहीही कारण असू शकतं आणि त्यावर उपचार होतो. डॉक्टरांना लगेच दाखवा. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर तेही तपासून न्या. नीट दिसत-ऐकू येत नसलेल्या माणसाला गर्दीत भीती वाटणारच.

मूळ घरातले धोके मात्र नीट पाहून घ्या. माटोळीतली सगळी फळं खायची नसतात. कवंडळ लालबुंद दिसतं आणि हातात घ्यावंसं वाटतं, पण ते विषारी आहे, आणि आईंना आता खायचं काय आणि टांगायचं काय हा फरक कळेलच असं नाही. अशी रानफळं त्यांच्या सुपात ठेवूच नका. कुरकुरीत नेवरीचा (करंजीचा) चुरा घशात अडकू शकतो, त्यापेक्षा मऊ पातोळी बरी, आणि मधुमेह असेल तर अर्धी. समईपासून पदर लांब. पावसाने अंगण शेवाळलेलं असतं, परसात विहीर असते, मागचं दार दिवसभर उघडं असतं. आई दिसेनाशा झाल्या तर कोणाचं लक्ष होतं यावरून भांडण होईल. म्हणून दोन-दोन तासांच्या पाळीने एकेका माणसाचं नाव ठरवा. त्यांच्या बांगडीसोबत किंवा ब्लाउजच्या आत नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. नऊवारीची सवय असेल तरी बाथरूमला पटकन जाता येईल असं सैल कापड नेसवा, आणि केसांत अबोलीची फाती (वेणी) मात्र विसरू नका.

नातेवाइकांचं काय करायचं? ‘काकी, मला ओळखलं का?’ हा प्रश्न लोक प्रेमानेच विचारतात आणि त्याने आईंची रोज परीक्षा होते. प्रत्येक वेळी त्या नापास होतात आणि प्रत्येक वेळी आपण नापास झालो हे त्यांना कळतं. तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच एक निरोप टाका. शब्द सुचत नसतील तर हे घ्या:

‘हरतालिकेला सकाळी आई येणार आहेत. भेटताना समोरून या, खाली बसा आणि आपलं नाव आणि नातं आपणच सांगा, म्हणजे “काकी, मी तुमच्या धाकट्या जावेची मुलगी, पेडण्याहून आलेय.” ओळखलं का, आठवतंय का, असं विचारू नका. एका वेळी एकानेच बोला. त्या तोच प्रश्न पुन्हा विचारतील, तेच उत्तर पुन्हा द्या. त्या चुकीचं काही म्हणाल्या तर दुरुस्त करू नका. त्यांच्यासमोर त्यांच्या आजारावर बोलू नका, त्यांना ऐकू येतं. फोटो काढायचा असेल तर आधी आम्हाला विचारा.’

हा निरोप तुमच्या यजमानांच्या नावाने गेला तर उत्तम. सुनेने पाठवला तर त्याचे वेगळे अर्थ काढणारी माणसं प्रत्येक घरात असतात.

सासऱ्यांबद्दल आई विचारतात तेव्हा ‘ते गेले ना, नऊ वर्षं झाली’ असं सांगू नका. ती बातमी त्यांना दर वेळी नवीन असते, आणि दर वेळी त्या पहिल्यांदाच विधवा होतात. ‘बाजारात गेलेत, येतील’ असं पुष्कळ जण सांगतात, आणि अगदी हवालदिल झालेल्या माणसाला शांत करायला तेही कधी वापरावं लागतं. मी त्याला खोटेपणा म्हणून हिणवणार नाही. पण त्याने त्या दारात वाट पाहत बसल्या तर पंचाईत होते. मधला मार्ग असा, की प्रश्नातलं माणूस धरायचं: ‘बाबांची आठवण येतेय ना? माटोळी बांधायला शिडीवर तेच चढायचे. तुम्ही खालून ओरडायच्या, सांभाळून.’ यात एक शब्दही खोटा नाही आणि त्यांना हवं ते मिळतं, म्हणजे त्यांच्याबद्दल बोलणारं कोणीतरी. आईंनी थेटच विचारलं, ‘ते गेले का?’, तर हो म्हणा, हात धरा, आणि त्यांच्याबरोबर थोडा वेळ रडायची वेळ आली तर रडा.

पुतण्याच्या व्हिडिओविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे. मुलगा चांगलं करायला निघाला आहे, त्याचा हिरमोड करू नका. पण अंधारलेली खोली, भिंतीवर मोठा झालेला स्वतःचा तरुण चेहरा, स्पीकरचा आवाज, आणि पन्नास माणसं आपल्याकडे वळून बघताहेत, हे आईंनी सहन करावं अशी अपेक्षा चुकीची आहे. व्हिडिओ दाखवायचाच तर आई मडगावला परतल्यावर दाखवा. आणि त्यात आजच्या आई अडखळताना, प्रश्न विचारून हैराण होताना दिसता कामा नयेत. त्या स्वतः परवानगी देऊ शकत नाहीत, तेव्हा चाळीस वर्षांच्या आईंनी या दृश्याला हो म्हटलं असतं का, हे आपण त्यांच्या वतीने विचारायचं. पूर्वीच्या आईंचं मत इथे नक्की मोजावं.

त्याहून मोलाचं काम त्याला द्या. आईंच्या आठवणी एकट्या आईंकडे नाहीत. त्यांची बहीण असेल, शेजारच्या वाड्यावरच्या बरोबरीच्या बायका असतील, फुगडीत समोर उभी राहणारी कोणी असेल. त्याने फोन घेऊन त्यांच्याकडे जावं. आईंची माटोळी इतरांपेक्षा वेगळी काय असायची, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा कशा होत्या, कोणाशी त्यांचं पटायचं नाही, हे सगळं विचारावं. दोघींनी एकच गोष्ट वेगवेगळी सांगितली तर दोन्ही ठेवाव्या. आईंकडून गाणी आणि पाककृती घ्यायच्या त्या काम करताना घ्याव्यात. त्या चिमटीने, मुठीने जे घालतील ते आधी वाटीत घालू द्यावं आणि मागाहून वजन करावं. खतखत्यात तिरफळं किती, मुगागाठीला नारळ किती, हे कागदावर यायला आता उशीर करू नये. आणि गाणी नुसती रेकॉर्ड करून फोनमध्ये ठेवली तर ती तिथेच राहतील. घरातल्या दोन मुलींनी ती शिकावीत. पुढे आई पहिली ओळही विसरतील, तेव्हा ती म्हणायला कोणीतरी लागणार आहे.

फोटोंचं साधं पुस्तक मात्र जरूर करा. एका पानावर एकच फोटो, खाली ठळक देवनागरीत पूर्ण वाक्य: ‘ही माझी बहीण. आम्ही दोघी देवळाच्या तळ्याजवळ.’ शब्द वाचणं बऱ्याच जणांना बराच काळ जमतं, मग नाव आठवण्याची परीक्षा उरत नाही. फोटो त्यांच्या लहानपणापासून तिशीपर्यंतचे जास्त घ्या. कॉलेजातल्या नातवाला त्या ओळखत नसतील, तरी पाच वर्षांच्या नातवाला कदाचित ओळखतील. एखादं पान पाहून त्या कष्टी झाल्या तर ते पान काढून टाका, कितीही सुंदर फोटो असला तरी.

चवथीला आपण फार वजन देतो. ती वर्षातून एकदा येते, आणि आईंचा दिवस रोज उजाडतो. त्यांना खरं बळ मिळेल ते रोज त्याच वेळी होणाऱ्या छोट्या गोष्टींतून. बाल्कनीत तुळस असेल तर दिवेलागणीच्या थोडं आधी, घर उजळून टाकून, दिवा तुम्ही लावा आणि फुलं त्यांना वाहू द्या. तांदूळ निवडायला द्या, निवडलेलेच असले तरी. श्रावणात कहाणी वाचून दाखवा. पुढे तुळशीचं लग्न येईल. ते फ्लॅटवरच करता येतं, चार माणसांत, ऊस आणि आवळे-चिंचांसकट, आणि गोंगाटाशिवाय. त्यात आईंना यजमानीण करा. शेजारच्या घरी नाताळात दोदोल हे गोड पक्वान्न ढवळत आलेली आजी असेल, तिलाही हेच लागू. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर तळव्यांना खोबरेल चोळत हलक्या आवाजात म्हटलेली आरती पुरेशी आहे.

शेवटी तुमच्याबद्दल. एवढं मोठं पत्र, आणि तुम्ही कशा आहात याची एकही ओळ नाही. आईंच्या झोपेबद्दल आहे, यजमानांच्या मनःस्थितीबद्दल आहे, पुतण्याच्या उत्साहाबद्दलही आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) आहे असा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागे घरातली एखादी सून, मुलगी किंवा बायको उभी आहे. आपल्या गोव्यातच दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक अभ्यास झाला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक सल्लागार घरी जाऊन आजार समजावत, वागण्यातल्या अडचणींवर उपाय सुचवत, ऐकून घेत. एवढ्यानेही सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण लक्षात येईल इतका कमी झाला. म्हणजे मदत मागितल्याने फरक पडतो, हे आपल्याच गावांत दिसून आलेलं आहे.

तेव्हा आईंच्या पुढच्या तपासणीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जाल, तेव्हा स्वतःसाठीही पाच मिनिटं मागून घ्या. झोप लागत नाही, चिडचिड होते, रडू येतं, असं काही असेल तर ते तिथेच सांगा. मध्येच बोलावंसं वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, दिवस-रात्र चालतो आणि मोफत आहे. ज्येष्ठांसंबंधी माहिती आणि मदतीसाठी एल्डरलाइन १४५६७. आणि आठवड्यातून एक दुपार ठरवून यजमानांच्या किंवा मुलाच्या हाती आईंना सोपवा. मुलगा कॉलेजात जातो म्हणजे आजीला जेवू घालण्याइतका मोठा झालेला आहे. पहिल्या दुपारी तो गोंधळेल, तुम्हाला फोन करील. फोन उचला, पण घरी परतू नका.